निनावे मिस्त्री अर्थ शोधतात

निनावे मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी काचेवर तांब्याभर पाणी ओतत आणि मग गाडी आणणाऱ्याकडे बघत. काय बिघडलं, कधीपासून बिघडलं, तुम्ही कोण, हे सगळं नंतर. मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या नळांनी चार-चार दिवस तोंड दाखवलेलं नसलं तरी आधी तांब्या. कारण लोक गाडी उभी करता करताच "हे बघा मिस्त्री, वायपर चालत नाही" म्हणून बटण दाबतात आणि काच कोरडी असते. कोरड्या काचेवर वायपर फिरवणं हा निनावे मिस्त्रींच्या कायद्यात खुनाच्या खालोखालचा गुन्हा होता. एका बड्या कंत्राटदाराच्या हातावर त्यांनी फटका मारलेला मी स्वतः पाहिला आहे. कंत्राटदार लाल होऊन म्हणाला, "गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची असन," मिस्त्री म्हणाले, "काच नाही तुमची. काचेवर ओरखडा पडला तं समोरचा मरते. तुमी नाही मरत."

असं वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या मी पहिल्या भेटीतच प्रेमात पडायला हवं होतं. पण पहिल्या भेटीत आमचं भांडण झालं, आणि तेही एका शब्दावरून.

दुकान महालातल्या एका बोळात होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक लाकडी बाकडं आणि मागे पडद्याआड त्यांची राहती खोली. गाडी बोळातच उभी राहायची, त्यामुळे सायकलरिक्षावाल्यांशी दिवसातून दहा भांडणं ठरलेली. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे फक्त वायपर, हॉर्न व बत्ती. इंजिनाविषयी बोलू नये.' मिस्त्री साठीच्या घरात, बारीक, खाकी हाफपँट, आणि गळ्यात दोन तारांना लटकवलेला एक छोटा बल्ब. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा. एका तारेनं गाडीचा पत्रा धरायचा, दुसरी संशयाच्या जागी टेकवायची. बल्ब लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. जगातले सगळे वाद या बल्बानं मिटतील अशी त्यांची श्रद्धा होती.

आवाज म्हणाल तर अफाट. निनावे मिस्त्री हळू बोलताहेत असं बोळात कोणी ऐकलं नव्हतं. ते "या, बसा" सुद्धा असं म्हणत की आलेला माणूस उठून उभा राही.

दोन गोष्टींवर त्यांचा जीव जळत असे. एक कोरडी काच. हा त्यांच्या शिव्यांचाही मूळ धातू होता. निवडणुकीत हात जोडून येणारा नगरसेवक, मयताला येऊन सोन्याच्या भावाबद्दल बोलणारा नातेवाईक, फळ्याकडे तोंड करून शिकवणारा मास्तर, सगळ्यांसाठी एकच शेरा: "कोरड्या काचेवर फिरवून राहिला."

दुसरी गोष्ट म्हणजे 'खराब' हा शब्द. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, वायपर खराब झाला," की संपलं.

"खराब?" ते पाना खाली आपटत. "खराब काय असते? तुटते, निसटते, गंजते, अडकते. त्यातलं काय झालं ते बोला! खराब हा शब्द आळशी मानसानं काढला. फेकून द्याचं असलं का म्हनायचं खराब!"

आता माझ्याबद्दल. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत. आमच्या घरी भाकरी पत्रकांवर निवत, खिडकीच्या फुटक्या काचेला पत्रक चिकटवलेलं असे, आणि पुस्तकांना कव्हरं पत्रकांचीच. मी वाचायला शिकलो ते 'बंधूंनो, किती दिवस झोपणार?' या ओळीवर. विशीत आल्यावर मीच पत्रकं लिहू लागलो. रागाचा तुटवडा कधीच नव्हता. नागपुरात तेव्हा संतापण्यासारखं एवढं होतं की कुठून सुरुवात करावी हीच अडचण. आमच्या छोट्या संघटनेचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणत, "तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हं इतकी असतात की छापखान्याचे खिळे संपतात." मला ही प्रशंसा वाटे.

वकीलसाहेबांची एक जुनी विलायती गाडी होती, माझ्यापेक्षा वयानं मोठी. त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं, एस.टी.च्या पायऱ्या त्यांना चढवत नसत, म्हणून संघटनेचे सगळे दौरे त्या गाडीतून. श्रावणाच्या आधी आम्ही ती रंगवायची ठरवली. लाल. पेंटर परवडत नाही असं ठरलं तेव्हा मी ब्रश हाती घेतला. दोन दिवसांत मी तिला बाहेरून, आतून, बॉनेटखालून, जिथे जिथे ब्रश पोचला तिथे तिथे लाल केली. अर्धवट काम मला जमत नाही. वायपरची मोटर वाटेत येत होती, तीही काढून तिच्या बैठकीसकट लाल केली आणि परत बसवली.

त्या दिवसापासून वायपर बंद.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण कळमेश्वरला एका कारखान्यानं कामगारांना गेटबाहेर काढलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं की जादा कामाचा पगार वेगळा का नाही. मालकानं निरोप धाडला: शनिवारी संध्याकाळपर्यंत माफीपत्रावर सही करा, नाहीतर कायमचे घरी बसा. माणसं ताडपत्रीखाली पावसात बसून होती आणि शनिवारी चार वाजता वकीलसाहेब येऊन सांगतील त्यावर सगळं अवलंबून होतं. ते पोचले नाहीत तर अंधार पडायच्या आत सगळे अंगठे उठणार, हे मला दिसत होतं. आणि आधीच्याच आठवड्यात काटोल रोडवरून येताना पाऊस लागला तेव्हा मी डाव्या मडगार्डवर बसून माझ्याच पत्रकांनी काच पुसत घरापर्यंत आलो होतो. वकीलसाहेब म्हणाले होते, "पुन्हा हे नको. तू पडशील आणि मला दिसणारही नाही."

म्हणून मंगळवारी मी गाडी निनावे मिस्त्रींकडे नेली. बरोबर नव्या पत्रकांचा गठ्ठा होता. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे तांब्या ओतला. मी बटण दाबलं. दोन्ही वायपर एकदा दचकले आणि पडून राहिले. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले, बल्ब इकडे तिकडे टेकवू लागले. तेवढ्या वेळात काही तरी प्रबोधन व्हावं म्हणून मी त्यांच्या हातात एक पत्रक दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि बोळभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्थ नाही याले."

मी म्हणालो, "काय?"

"अर्थ नाही! करंट हाय, पन अर्थच नाही. अर्थ नसला तं कितीही जोर लावा, काय उपयोग?"

तीन रात्री जागून लिहिलेलं पत्रक होतं ते. मला जे वाटलं ते मी बोललो. मी म्हणालो, तुमच्यासारख्या लोकांमुळेच हा देश असा आहे. म्हणालो, श्रमिकानंच श्रमिकाच्या लढ्याला निरर्थक म्हणावं याहून मोठी शोकांतिका नाही. आणखीही बरंच म्हणालो. मधेच पडद्यामागून बाईचा आवाज आला, "भोंगा! भोंगा!" मिस्त्री मान न वळवता ओरडले, "साडेअकरा झाले वं!" आत काहीतरी पलंगावर आपटल्याचा आवाज आला. सगळं घरच तिरसट, असा निष्कर्ष काढून मी गाडी घेऊन निघालो. रागाच्या भरात पत्रकांचा गठ्ठा तिथेच राहिला.

"पुस्तकातून बोलून राह्यला हा पोरगा," मागून ऐकू आलं. "वायपरचं काय करू तं सांगितलंच नाही!"

बाकीचे तीन दिवस मी दुसऱ्या गॅरेजांत घालवले. सगळीकडे एकच उत्तर: मोटर खराब झाली, फेका, नवी टाका. नवी नागपुरात मिळत नव्हती. एका दुकानदारानं मुंबईहून मागवू म्हणून सांगितलं आणि पानाची पिंक टाकली. कधी येईल ते त्या पिंकेत होतं. शनिवारी सकाळी आभाळ भरून आलं. अपमान गिळून मी अकरा वाजता पुन्हा त्या बोळात गाडी उभी केली. मिस्त्रींनी तांब्या ओतला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आले का पुस्तक?"

"मिस्त्री, चार वाजता कळमेश्वरला पोचायचं आहे," मी म्हणालो, आणि माफीपत्राचं सगळं सांगितलं.

"बाकीचे काय म्हनले?"

"मोटर खराब आहे."

हा शब्द उच्चारणं ही माझी चूक होती. पुढची पाच मिनिटं नागपुरातल्या प्रत्येक गॅरेजचा वंशवृक्ष बोळानं ऐकला. मग त्यांनी मोटर काढली, बाकड्यावर ठेवली, बॅटरीच्या दोन तारा सरळ तिला लावल्या. मोटर भिंगरीसारखी फिरू लागली.

"हे खराब हाय?" ते माझ्यावर गरजले. "हे खराब? याले फेकत होते ते! गरीब जनावर!"

आतून हाक आली, "कंदील! कंदील!" बाहेर लख्ख दिवस होता. मिस्त्रींनी तारा सोडल्या, हात पुसले आणि आत गेले. पाच मिनिटांनी आले. मोटर पुन्हा हातात घेतली न घेतली तोच, "भोंगा!"

"बारा वाजाले आले वं!" आत पुन्हा धप्प. पुन्हा "भोंगा!" मिस्त्री पुन्हा आत. मी घड्याळाकडे बघत होतो. बाहेर आले, स्क्रू शोधले, आणि आतून, "कंदील!"

तिसऱ्या वेळी ते बाहेर आले तेव्हा माझा तोल गेला.

"मिस्त्री, तिकडे माणसं माफीपत्रावर अंगठे उठवणार आहेत आणि इथे भरदिवसा कंदील काय, भोंगा काय! काय अर्थ आहे या बोलण्याला?"

मला वाटलं, आता पाना डोक्यात बसणार. रिक्षावालेसुद्धा थांबून बघत होते. पण मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी मोटर फडक्यावर ठेवली.

"अर्थ हाय," ते म्हणाले. "जोड सुटला हाय."

आणि लगेच, जणू काही बोललोच नाही अशा थाटात, बॉनेटमध्ये डोकं घातलं. "इकडं या. हे पाहा. बॅटरीतून करंट निंघाला, तारेतून मोटरपर्यंत आला. इथवर समदं ठीक. आता तो वापस कसा जाईन? वापस जाले दुसरी तार नसते गाडीत. मोटर जिथं पत्र्याले टेकते तिथून, पत्र्यातून, बॅटरीत वापस. त्याले म्हनते अर्थ, अर्थिंग. गेलेला वापस आला तं काम होते. नुसता जात राह्यला तं कायचं काम?"

मी म्हणालो, "म्हणजे मंगळवारी तुम्ही..."

"मंगळवारी मी काय म्हनलो? अर्थ नाही याले! तुमीच भाषन ठोकून चालले गेले. मले वाटलं, पोराच्या घरी कोनी मेलं काय."

माझे कान गाडीपेक्षा लाल झाले. मिस्त्री बैठकीवर नखानं खरवडत होते. लाल रंगाचा जाड पापुद्रा निघाला. खाली चकचकीत पत्रा.

"कोन्या गधड्यानं फासला हा? पत्रा अन् मोटर यायच्या मधात एवढा रंग! करंट वापस जाईन कुठून? वरून लाल बंबाट, आत अर्थ ठप्प!"

तत्त्वनिष्ठ माणूस असूनही मी म्हणालो, "पेंटरनं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "पेंटर तुमच्या नखात हाय अजून," ते म्हणाले आणि पॉलिश पेपर घेऊन घासू लागले.

दोन्ही हात त्यांचे आत अडकलेले, तेवढ्यात पुन्हा हाक आली, "कंदील!" समोरून एक रिक्षा अडली होती आणि रिक्षावाला घंटी बडवत होता. मिस्त्री म्हणाले, "बाबू, तुमी जा. कंदील म्हनजे पानी. माठ कोपऱ्यात हाय. डोकं उचलून पाजा, ठसका लागते तिले."

मी पडदा सारून आत गेलो.

पलंगावर एक म्हातारी बाई होती. उजवा हात, उजवा पाय निपचित. तोंड एका बाजूला जरा ओढलेलं. पण डोळे असे सावध की मी नकळत "नमस्कार काकू" म्हणालो. डोकं उचलून पाणी पाजलं. पाणी पिऊन त्या बऱ्यापैकी स्पष्ट म्हणाल्या, "गोधडी." कपाळाला डावा हात लावला, आणि मला कळलं की त्या आभार मानताहेत.

मग मला भिंत दिसली. खिळ्याला माझी पत्रकं अडकवली होती, व्यवस्थित, कडा जुळवून. क्षणभर माझी छाती फुगली. जवळ गेलो. पत्रकं उलटी होती. आमचं पत्रक एका बाजूलाच छापलेलं असे. मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेन्सिलीनं, तारांचा नकाशा काढावा तशा सरळ रेघा ओढून लिहिलं होतं:

कंदील – पानी
मंगळवार – औषध
चिमटा – लेक (कन्हानवाली)
दार – दुखते
गोधडी – बरं वाटलं

अशी चार पानं होती, आणि ज्यांवरून ती उतरवली त्या जुन्या चिठ्ठ्या त्याच खिळ्याला मागे. काही शब्द खोडून दुरुस्त केलेले, काहींपुढे तारीख, काहींपुढे 'दोनदा पाहिलं, पक्कं'. बल्ब टेकवून टेकवून पाहावं तसं एक एक शब्द त्यांनी तपासला होता. सगळ्यात खाली एकच ओळ अशी होती की कागद खोडून खोडून फाटायला आला होता: 'भोंगा – भूक', खोडलेलं, 'मिल', खोडलेलं, 'टाइम', आणि पुढे प्रश्नचिन्ह. मिलच्या भोंग्यावर अख्खं नागपूर उठतं-बसतं, त्यामुळे टाइम हा अंदाज बरोबर वाटत होता.

माझ्या पत्रकाच्या छापील बाजूला 'व्यवस्था', 'शोषण' आणि सात उद्गारचिन्हं होती. मी ती बाजू भिंतीकडेच राहू दिली.

"भोंगा?" काकूंनी मला विचारलं.

मी घड्याळ बघून म्हणालो, "पाऊण वाजला, काकू."

त्यांनी डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटली. धप्प. डोळ्यांत राग आला. तो राग माझ्या ओळखीचा होता: आपण नीट सांगतोय आणि समोरचा ऐकतच नाही, तो. "भोंगा!" त्या पुन्हा म्हणाल्या आणि बोट पडद्याकडे केलं. पडद्यापलीकडे निनावे मिस्त्री रिक्षावाल्यावर ओरडत होते, "घंटी कायले वाजवून राह्यला बे! गाडी काय उडून जाईन?" त्या आवाजाबरोबर काकूंच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. बोट तसंच त्या आवाजाकडे. "भोंगा," त्या म्हणाल्या, या वेळी हळू.

मी बाहेर आलो. मिस्त्री मोटर बसवत होते.

"मिस्त्री, भोंगा म्हणजे टाइम नाही."

"मंग काय? भूक पाहून झाली, मिल पाहून झाली. आठ महिने झाले पाहून राह्यलो. तो एकच शब्द नाही सापडत."

"भोंगा म्हणजे तुम्ही."

"कोन?"

"तुम्ही. त्या तुम्हाला हाक मारताहेत."

"मी भोंगा?" मिस्त्री असे कडाडले की बोळातली कबुतरं उडाली. "मी? मी कधी आवाज चढवतो का?"

रिक्षावाला सीटवरून पडायच्या बेतात आला. "बरोबर बोलली माय!" तो म्हणाला. "अख्ख्या महालाले म्हाईत हाय!"

मिस्त्री त्याच्यावर ओरडायला वळले. मग फडकं घेऊन हात पुसू लागले. बोटं, बोटांच्या मधलं, नखं. पुसून झालं तरी पुसत होते.

"दवाखान्यातले म्हनले, आता खराब झालं, सोडा," ते म्हणाले. "तिचा भाऊ म्हनला, भाऊजी, बोलन्याले काई अर्थ नाही राह्यला, कायले डोकं लावता. समद्या गोष्टीले शब्द सापडला. पान्याले, लेकीले, औषधाले. मलेच नाही सापडला. मले वाटलं, मी तेवढा निसटलो डोक्यातून." फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. "चाळीस वर्सं नाव नाही घेतलं तिनं माह्यं. अवो म्हने, नाहीतं लेकीचे बाबा. अन् आता घेतलं तं हे."

आतून आवाज आला, "भोंगा?"

निनावे मिस्त्री पडदा सारून आत गेले. मी कान देऊन ऐकलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. टाइम सांगितला नाही त्यांनी. बोळात कधी कोणी न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "हो वं. इथंच हाय मी."

धप्प आवाज आला नाही.

दोन वाजता मोटर उघड्या पत्र्यावर घट्ट बसली. मिस्त्रींनी तांब्या ओतला, मान हलवली, मी बटण दाबलं. दोन्ही वायपर असे फिरले जणू चार दिवस ते वाटच बघत होते. निघताना मला राहवलं नाही. मी विचारलं, "आणि माझ्या कागदाचं काय, मिस्त्री? त्याला अर्थ आहे?"

त्यांनी विचार केला. "करंट भरपूर हाय, बाबू," ते म्हणाले. "वापस काय येते ते पाहा."

वकीलसाहेबांना घेऊन निघालो. वाटेत फेटरी गावाच्या पुढे पाऊस असा कोसळला की वायपर नसते तर आम्ही तिथेच अडकलो असतो. चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो. टेबल मांडलेलं होतं, शाईचा पॅड उघडा होता, रांग लागली होती. वकीलसाहेब माफीपत्र मागून घेऊन शांतपणे वाचू लागले आणि मला म्हणाले, "तू बोल." माझं भाषण मला तोंडपाठ होतं. ते मी बाजूला ठेवलं. माफीपत्राची एक एक ओळ वाचली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं, "याचा अर्थ काय कळला, दादा?" तो म्हणाला, "मालक म्हनतो, कामावर घेतो." मी म्हणालो, पुन्हा वाचतो. कुठेही 'घेतो' लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला रांग मोडली. माणसं टेबलाभोवती गोळा झाली आणि तीच मला प्रश्न विचारू लागली. त्या संध्याकाळी पॅडवरची शाई तशीच वाळली. लढा पुढे फार लांबला, आणि त्यातलं सगळंच काही आम्ही जिंकलो नाही. पण त्या दिवशी कोणी आंधळेपणानं अंगठा दिला नाही.

पुढच्या महिन्यात संघटनेच्या बैठकीत ठराव आला की कागद वाचवण्यासाठी पत्रक दोन्ही बाजूंनी छापावं. मी टेबलावर मूठ आपटली. म्हणालो, मजकूर निम्मा करा, माझी उद्गारचिन्हं सगळी काढून टाका, पण मागची बाजू कोरी राहिली पाहिजे. ही उधळपट्टी कोणत्या तत्त्वात बसते असं एकानं विचारलं. मी इतका भडकलो की त्यांनी नाद सोडला. कारण मी सांगितलं नाही. वकीलसाहेबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि खाली लिहिलं, 'एका बाजूनेच.'

नवा गठ्ठा घेऊन मी महालात गेलो. मिस्त्रींनी वरचं पत्रक उचललं, छापील बाजूकडे न बघता उलटं केलं, अंगठा फिरवून कागद चाचपला, उजेडाकडे धरला.

"हां," ते म्हणाले. "हे चांगलं निंघालं."

माझ्या लिखाणाची त्यांनी केलेली ती एकमेव स्तुती. आतून हाक आली, "भोंगा!"

"आलो वं," मिस्त्री म्हणाले, आणि कानामागची पेन्सिल चाचपत आत गेले.